फोन म्हातारा झालाय की नुसताच गच्च भरलाय?

पत्र थोडक्यात असं : "माझा अँड्रॉइड फोन पाच वर्षांचा आहे, 64 जीबीचा. रोज 'स्टोरेज फुल' येतं, कॅमेरा उघडायला गेलं की अडकतो, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते आणि अपडेट यायचं तर केव्हाच बंद झालंय. एक क्लीनर अ‍ॅप टाकलं तर फोन आणखीच मंद झाला. गेल्या आठवड्यात वैतागून गूगल फोटोजमधून दोनेकशे फोटो उडवले तर टॅबवरचेही गेले, त्यात नातीचे पहिल्या वर्षाचे होते. लॅपटॉपवर विंडोज 10 आहे, तो सारखा सांगतो की सपोर्ट संपला. मुलगा म्हणतो दोन्ही टाक आणि नवीन घे, नवरा म्हणतो चालतंय तोवर चालव. भाचा म्हणतो लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतो. मी कुणाचं ऐकू?"

ताई, कुणाचं ऐकायचं ते नंतर बघू, आधी हे वाचायचं थांबवा आणि फोटोज अ‍ॅप उघडा. त्यात कलेक्शन्सच्या पानावर ट्रॅश किंवा बिन अशी कचरापेटी असते. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या जागेत, बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो तिथे 60 दिवस राहतो, बॅकअप न झालेला असेल तर 30 दिवस. तुम्ही गेल्या आठवड्यात उडवलेत म्हणजे नातीचे फोटो बहुतेक तिथेच पडलेले असतील, दाबून धरा, सगळे निवडा आणि रिस्टोअर करा. फोनच्या स्वतःच्या गॅलरी अ‍ॅपलाही बऱ्याचदा वेगळी कचरापेटी असते, तीही बघून घ्या. आणि हो, कुणी "बिन रिकामी कर म्हणजे जागा होईल" म्हणालं तर आत्ता अजिबात ऐकू नका.

आले का परत? मग आता निवांत बोलू.

टॅबवरचे का गेले हे समजून घ्या, कारण हा गोंधळ इतक्या लोकांचा होतो की काय सांगू. आपल्याला वाटतं फोटो फोनमध्ये आहे आणि त्याची एक वेगळी प्रत वर क्लाउडवर आहे, म्हणजे फोनमधला उडवला तरी वरचा राहणार. तसं नसतं. ते सिंक असतं, म्हणजे सगळ्या डिव्हाइसवर एकच यादी दिसते आणि एका ठिकाणी काढलं की सगळीकडून निघतं. आयफोनवाल्यांचं आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथेही हेच होतं, तिकडे रिसेंटली डिलीटेडमध्ये 30 दिवस मिळतात. फक्त फोनमधली प्रत काढायची आणि वरची ठेवायची असेल तर गूगल फोटोजमध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे, वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर टॅप केलं की "फ्री अप स्पेस" दिसेल, ते वरती पोचलेलेच फोटो फोनमधून काढतं. कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह वापरायचं नाही, ते सगळीकडून काढतं. दोन बटणं दिसायला इतकी निरागस आणि परिणामात इतका फरक, हे ज्यांनी डिझाइन केलं त्यांच्याशी माझं भांडण आहे पण ते असो.

म्हणून खरी प्रत एक वेगळी काढाच, कुठल्याही यादीला न जोडलेली. केबलने फोन लॅपटॉपला जोडा, फोनवर नोटिफिकेशन येतं त्यात "फाइल ट्रान्सफर" निवडा (नाहीतर नुसतं चार्जिंग होत राहतं आणि लोक म्हणतात लॅपटॉपला फोन दिसतच नाही), मग डीसीआयएम नावाचं फोल्डर उघडा, त्यात कॅमेरा, ते सगळंच्या सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो त्या फोल्डरमध्ये नसतात, ते हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप असं आत आत जावं लागतं तिथे सापडतात. फ्री अप स्पेसने जे आधीच फोनमधून निघालेत ते अर्थातच फोनमध्ये नसणार, ते गूगल टेकआउटमधून (गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची त्यांचीच सोय) उतरवून घ्यायचे, वेळखाऊ आहे पण होतं. कॉपी झाल्यावर चार-पाच फोटो तिथून उघडून बघा, मधलाच एखादा, शेवटचा एखादा. एवढं झालं की पुढचं काहीही करताना हात थरथरणार नाही.

आता फोन. तुमच्या पत्रात एका दमात चार तक्रारी आहेत आणि मुलाने त्या सगळ्यांची मिळून एकच तक्रार केलीय, "फोन जुना झाला." पण जागा संपणं वेगळं, बॅटरी थकणं वेगळं आणि कंपनीने हात वर करणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त होतात, तिसरी होत नाही. ह्यातलं नक्की काय झालंय ते न बघता नवीन घेतलात तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, कारण नवीन फोनमध्ये तुमचा सगळा जुना पसारा जसाच्या तसा उतरणार आणि त्याचंही वर्षा-दोन वर्षांत हेच रडगाणं सुरू होणार.

जागेपासून सुरू करू. 64 जीबी लिहिलेलं असतं म्हणून तेवढी तुम्हाला मिळते असं नाही, ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच त्यातला बराच घास घेते, उरलेल्यात अ‍ॅप्स, आणि मग आपण. आणि हे भरल्यावर फोन मंद होतो तो आपला भास नसतो. फोनमधली मेमरी फ्लॅश प्रकारची असते, तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी एक अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि मग लिहायचं, शिवाय त्या ब्लॉकमध्ये अजून कामाचं काही असेल तर ते आधी दुसरीकडे हलवायचं. मोकळी जागा असली की ही उसाभर फोन मागच्या मागे रात्री-बेरात्री उरकून टाकतो, जागाच नसली की ऐन फोटो काढताना करावी लागते. म्हणून तुमचा कॅमेरा अडकतो, कॅमेऱ्याचा त्यात काही दोष नाही. साधारण दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवायची असं धरून चाला.

आणि ती करायला तुम्ही फोटो उडवलेत म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, तिथे कशाने किती खाल्लंय ते पट्ट्यांमध्ये दिसतं, मी पैज लावते व्हॉट्सअ‍ॅप वरच्या तिनात असणार. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जा, स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. इथे दोन चौकटी दिसतात, एक पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइल्सची आणि एक खूपदा फॉरवर्ड झालेल्यांची. ती दुसरी उघडा आणि नुसतं बघा एकदा. गुड मॉर्निंग, फुलं, कुठल्या तरी डॉक्टरांचा म्हणून फिरणारा व्हिडिओ, तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवरून, मांजर, पुन्हा तोच डॉक्टर. इथे सिलेक्ट ऑल करून उडवायला काहीच हरकत नाही, त्याने पाठवणाऱ्याकडचं काही जात नाही. पहिली चौकट मात्र एकेक बघत जा, त्यात लग्नाचे व्हिडिओ आणि कामाच्या पीडीएफ पण असतात आणि जुना मीडिया एकदा फोनमधून गेला की चॅटमध्ये टॅप करून परत मिळेलच असं नाही. त्याच पानावर खाली प्रत्येक चॅटचा आकार मोठ्यापासून लहानापर्यंत दिलेला असतो, पहिले दोन-तीन ग्रुप साफ केले तरी पुष्कळ झालं.

मग ऑटो-डाउनलोड. हे त्याच स्टोरेज अँड डेटामध्ये आहे. लोक मोबाइल डेटाचं बंद करतात आणि खूश होतात पण वायफायचं तसंच राहतं, आणि घरी आलं की दिवसभराचं सगळं बदाबदा उतरतं. दोन्हीकडचे व्हिडिओ बंद करा. "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद करून नवे फोटो गॅलरीत दिसेनासे होतात, पण फोनमध्ये असतातच, त्याने जागा वाचत नाही, हेही लोकांना उगाच वाटत असतं.

अजून एक राहिलंच, क्लाउडची जागा. गूगलचे जे फुकट 15 जीबी मिळतात ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. पूर्वी फोटो हाय क्वालिटीमध्ये कितीही ठेवता यायचे, ते 1 जून 2021 पासून बंद झालं, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो. हे भरलं की नवीन फोटोंचा बॅकअप गुपचूप थांबतो आणि मेल येणंही अडू शकतं. म्हणजे तुम्ही निश्चिंत की सगळं वर जातंय आणि तिकडे महिनाभर काहीच गेलेलं नाही. म्हणून फ्री अप स्पेस दाबायच्या आधी त्याच ठिकाणी "बॅकअप कम्प्लीट" लिहिलंय का हे वाचायची सवय लावा.

क्लीनर अ‍ॅप काढून टाका. आजच. हे अ‍ॅप काय करतं तर रॅममधली (चालू कामापुरत्या तात्पुरत्या मेमरीतली) अ‍ॅप्स बंद करतं आणि मोठ्ठा हिरवा आकडा दाखवतं, आपल्याला बरं वाटतं. पण अँड्रॉइड मुद्दामच नुकती वापरलेली अ‍ॅप्स रॅममध्ये ठेवतं, पुन्हा उघडली की पटकन यावीत म्हणून, आणि जागा कमी पडली की आपणहून काढतं. रिकामी रॅम कुणाच्या उपयोगाची नाही. क्लीनरने बंद केलेली अ‍ॅप्स काही वेळाने पुन्हा शून्यापासून सुरू होतात, त्यात बॅटरी जाते, शिवाय हे महाशय स्वतः चोवीस तास मागे बसून जाहिराती दाखवतात ते वेगळंच. फोन मंद झाला तो ह्याच्यामुळेच असेल असं मी म्हणत नाही पण ह्याने भर नक्की घातली असणार. एखादं अ‍ॅप फुगलंय असं दिसलं तर अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन "क्लिअर कॅशे" करा, त्याने काही बिघडत नाही. त्याच्या शेजारचं "क्लिअर स्टोरेज" किंवा "क्लिअर डेटा" मात्र त्या अ‍ॅपला पहिल्या दिवसासारखं करतं, लॉगिन जातं आणि आत ठेवलेलं पण जातं. बँकेच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत तिथे बोट न्यायचंच नाही.

बॅटरीचं सोपं आहे. पाच वर्षांची लिथियम बॅटरी थकणारच, ती रसायनं आहेत, त्यात तुमची वापरायची पद्धत चुकली वगैरे काही नाही. अ‍ॅपल स्वतः सांगतं की आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या 500 पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्के राहतील अशा बनवलेल्या आहेत, आयफोन 15 पासून तो आकडा 1000 केलाय. पाच वर्षं रोज चार्ज केलेल्या फोनचा हिशोब तुम्हीच करा. आणि थकलेली बॅटरी नुसती लवकर संपते एवढंच नाही, ती अचानक लागणारी जास्तीची वीज देऊ शकत नाही म्हणून फोन 20-25 टक्क्यांवर असताना गपकन बंद पडू शकतो. ह्याच कारणाने अ‍ॅपलने जुन्या आयफोनचा वेग कमी करून ठेवला होता, डिसेंबर 2017 मध्ये ते कबूल केलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि मग 2018 मध्ये सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसायला लागली. तेव्हा अनेकांना बॅटरी बदलल्या बदलल्या "म्हाताऱ्या" फोनचा वेग परत मिळाला. तुमच्या फोनमध्येही बॅटरी बदलून मिळते, अधिकृत ठिकाणी विचारा, मूळची किंवा त्या दर्जाचीच घ्या, आणि पाठीमागचं झाकण थोडं जरी फुगल्यासारखं वाटत असेल तर मात्र वापरणं थांबवून आधी तेच करा.

"शून्यावर आणून मग पूर्ण भरायची" हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल, तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा, लिथियमला लागू नाही, उलट शून्यावर पडून राहणं तिला मानवत नाही. रात्रभर लावून ठेवली तर फोन जास्त वीज घेत नाही, भरल्यावर थांबतो, त्रास होतो तो उष्णतेचा, म्हणून उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका. सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर थांबायचा किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह चार्जिंगचा पर्याय असेल तर चालू करून विसरून जा.

आता तिसरं, कंपनीने हात वर करणं. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग अँड्रॉइड व्हर्जन, तिथे "सिक्युरिटी अपडेट" पुढे एक तारीख दिसते. ती बघा. अँड्रॉइड 12, 13 वगैरे आकड्यापेक्षा ही तारीख महत्त्वाची. गूगल 2015 पासून दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या काढतं पण त्या तुमच्यापर्यंत पोचवायचं काम फोन बनवणाऱ्या कंपनीचं, आणि बरीच वर्षं कंपन्या दोन-तीन वर्षांत कंटाळायच्या. आता जरा सुधारलंय, पिक्सेल 8 पासून गूगल आणि गॅलेक्सी एस 24 पासून सॅमसंग अशा वरच्या मॉडेल्सना सात-सात वर्षं देतंय, स्वस्तातल्या फोनना अजून तेवढं नसतं. तारीख दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर काही काळजी नाही. वर्ष उलटून गेलं असेल तर फोन उद्या बंद पडणार नाही, प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस वेगळ्या अपडेट होत राहतात, अ‍ॅप्स चालतात, पण सिस्टिममध्ये सापडलेली भोकं उघडीच राहतात. अशा फोनवर गाणी ऐका, व्हिडिओ कॉल करा, स्वयंपाक करताना बघायला ठेवा. बँक आणि पैशाचे व्यवहार मात्र तिथून हलवा. इथे तुमच्या मुलाचं बरोबर आहे, फक्त त्याने कारण चुकीचं दिलं.

अपडेट येतंय पण "त्याने फोन स्लो होतो" म्हणून टाळणारेही खूप असतात, त्यांच्यासाठी जाता जाता एक. मोठं अपडेट झालं की पहिले एक-दोन दिवस फोन तापतो आणि बॅटरी पळते, कारण तो सगळी अ‍ॅप्स नव्याने जुळवून घेत असतो, फोटोंची यादी पुन्हा करत असतो. त्या दोन दिवसांवरून मत बनवू नका. आणि टाळण्याची किंमत काय असते ते मे 2017 मध्ये वॉनाक्रायने दाखवलं, त्या रॅन्समवेअरने (फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम) जगभरातली लाखो कॉम्प्युटर्स अडवली, ब्रिटनच्या हॉस्पिटलांपर्यंत सगळं ठप्प, आणि ज्या भोकातून ते शिरलं त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. दोन महिने ती नुसती इन्स्टॉल व्हायची वाट बघत पडली होती.

ह्यावरून लॅपटॉपकडे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं आहे, तो मेसेज फसवा नाही. पण मेसेजमधून येणाऱ्या कुठल्याही फोन नंबरवर कॉल करायचा नाही, खऱ्या मेसेजमध्ये नंबर नसतो, ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत येणारा तो चोर. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जास्तीचे सिक्युरिटी अपडेट्स 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत ठेवलेत, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल" दिसेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर त्याचे पैसेही पडत नाहीत. हे करून टाका, विचार करायला तेवढा वेळ मिळतो.

विंडोज 11 चढेल का ते मायक्रोसॉफ्टचंच पीसी हेल्थ चेक नावाचं अ‍ॅप सांगतं. त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे 2018 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद. मात्र नुसतं टीपीएम नाही म्हणत असेल तर भाच्याला बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) बघायला सांगा, कित्येकदा ते असतं पण बंद करून ठेवलेलं असतं.

आणि लॅपटॉप मंद आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत पण ह्या वयाचा असला तर असणारच. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. डिस्कच्या खाली एचडीडी लिहिलंय आणि लॅपटॉप सुरू केल्यावर पुढची दहा मिनिटं तो आकडा 100 टक्क्यांना चिकटून बसतोय, असं असेल तर दुखणं सापडलं. आत खरोखर फिरणारी तबकडी आहे, मिनिटाला बहुधा 5400 फेरे, आणि वाचणारी सुई एका फाइलवरून दुसरीवर पळतेय. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी फ्लॅश मेमरीची डिस्क, बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतेय. रॅम 4 जीबी असेल तर 8 करून घ्या, जमत असेल तर. बाकी रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर वगैरे सगळे त्या फोनवाल्या क्लीनरचेच भाऊ.

भाच्याचं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. मुलगा खांदे उडवेल पण कल्पना वाईट नाही. तुमच्या खिशातलं अँड्रॉइडसुद्धा लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालतं. लिनक्स मिंटसारखं काहीतरी जुन्या लॅपटॉपवर छान चालतं, दिसायला विंडोजच्या जवळचं आहे, अपडेट्स फुकट आणि वर्षानुवर्षं येतात. आधी भाच्याला पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून दाखवायला सांगा, त्यात लॅपटॉपमधलं काही पुसलं जात नाही. तिथल्या तिथे तीन गोष्टी तपासा : वायफाय लागतंय का, प्रिंट निघतेय का, आणि तुम्हाला मराठी टाइप करता येतंय का, इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, जे हाताला बसलंय ते. युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसावं अशा आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल्स असतील तर त्या उघडून बघा, फाँट नसला की तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तशा फाइल्स आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि भाच्याला एकच अट घाला, बसवून दिलं की पुढचे दोन महिने फोन उचलायचा. तो उचलणारा नसेल तर लिनक्स नको. विंडोजबद्दल विचारायला आजूबाजूला दहा जण सापडतात, लिनक्सबद्दल तो एकटाच असणार.

म्हणजे क्रम असा. ह्या आठवड्यात फोटो परत आणून हार्ड डिस्कवर प्रत, व्हॉट्सअ‍ॅपची साफसफाई, क्लीनर हद्दपार. मग आठवडाभर फोन वापरून बघा. बराच हलका वाटला आणि सिक्युरिटीची तारीख ताजी असेल तर बॅटरी बदला आणि नवऱ्याचं ऐका. तारीख वर्षापेक्षा जुनी असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका, मुलाचं ऐका, पण दुकानात त्याला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर बोलू देऊ नका, तुम्ही एवढंच विचारा की अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार आणि ती वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची की मी घेतल्यापासून. बहुतेकदा बाजारात आल्यापासून मोजतात, त्यामुळे दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं तर ती दोन वर्षं आधीच गेलेली असतात. स्टोरेज 128 च्या खाली घेऊ नका, तुमचा एकूण रागरंग बघता 256. आयफोन घ्यायचा का अँड्रॉइड, तर घरात जो फोन हातात धरून तुम्हाला मदत करणार त्याच्याकडे जे आहे ते घ्या.

नवीन घेतलात तर जुना लगेच देऊन टाकू नका, एखादा महिना तसाच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅप हलवा, बँकेची अ‍ॅप्स नव्यावर सुरू करा, ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरत असाल तर त्यातले लॉगिनचे कोड बऱ्याचदा मुद्दाम ट्रान्सफर करावे लागतात, ते विसरलं की स्वतःच्याच अकाउंटच्या बाहेर उभं राहावं लागतं. सगळं नव्यावर चालतंय अशी खात्री झाली की जुन्यातून आधी सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. उलट्या क्रमाने, म्हणजे बटणं दाबून थेट रीसेट केलात, तर फोन सुरू होताना तुमचाच जुना पासवर्ड मागत बसतो आणि ज्याला दिलात तो रात्री नऊ वाजता तुम्हाला फोन करतो.